पाहुण्यांचा नंदी

गणपतराव पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले आणि नागपुरात प्रताप नगरकडच्या एका नव्या ले-आउटमध्ये घर बांधून राहायला आले, तेव्हा त्यांच्यापुढे एकच मोठा प्रश्न होता. आता हुकूम कोणावर सोडायचा? घरात यमुताई होत्या, पण त्यांच्यावर हुकूम चालत नाही हे गणपतरावांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. मुलगी रुख्मिणी लग्न होऊन उमरेडला गेलेली. मग त्यांनी बाग धरली.

ले-आउटच्या नकाशात मुलांच्या बागेसाठी एक प्लॉट सोडलेला होता. प्रत्यक्षात तिथे गवत माजलं होतं आणि आजूबाजूच्या गावांतली ढोरं दिवसभर चरत होती. गणपतरावांनी घरोघर फिरून माणसं जमवली, कमिटी केली, अध्यक्ष कोण व्हावं यावर फार चर्चा होऊ दिली नाही, आणि दोन वर्षांत बाग उभी केली. झुले आले, घसरपट्टी आली, कडेनं मेंदी लागली. देशातली आणीबाणी उठली, पण बागेतली उठली नाही. हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, घसरपट्टीवर उलटं चढायचं नाही, फुलाला तर नजरेनंही हात लावायचा नाही.

पण ढोरांना आणीबाणी कोण समजावणार? मोठं दोन झडपांचं फाटक कोणीतरी उघडं टाकून जाई, आणि एका सकाळी गणपतराव बघतात तो गवळ्याची म्हैस नव्या हिरवळीवर मालकिणीसारखी बसून रवंथ करते आहे. तिनं गणपतरावांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला.

त्यांनी ते मोठं फाटक काढून तिथे विटांची भिंत घातली आणि कोपऱ्यात स्वतःच्या डोक्यातलं नवं फाटक बसवलं. लोखंडी पाइपांचं, नागमोडी. माणसानं शिरायचं, अंग चोरून एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे वळायचं, की बागेत. ढोर लांब असतं, ते वळणार कुठून? म्हैस आली, शिंगं अडकवून घेतली आणि परत गेली. त्या दिवशी गणपतराव दोन पोळ्या जास्त जेवले.

फाटक बसवायच्या आधी कमिटीची बैठक झाली होती. तीत शोभाताईंनी एक शंका काढली होती. शोभाताई शाळेत शिकवायच्या, आणि मास्तरणीला शंका निघतेच, असं गणपतरावांचं मत होतं. त्यांचं म्हणणं इतकंच, की एखाद्याचा पाय अधू असेल, एखाद्याला गाडीवर बसवून आणावं लागत असेल, तर त्यानं या वळणातून कसं यावं? प्रश्न साधा होता. गणपतराव मात्र एकदम तापले.

"ज्याले चालताच येत नाही, तो बागेत कायले येते, शोभाताई?" ते म्हणाले. "बाग खेळायची जागा आहे. दवाखाना नाही."

चार माणसं हसली, आणि शंका तिथेच संपली.

आता खरी गोष्ट सांगायची तर, त्या घटकेला गणपतरावांना तारा आठवली नव्हती असं नाही. आठवली होती, म्हणूनच ते तोडून बोलले.

तारा ही रुख्मिणीची मुलगी, गणपतरावांची एकुलती एक नात. दोन वर्षांची असताना ताप आला आणि दोन्ही पायांवरून वारं गेलं. आता ती आठ वर्षांची होती. उमरेडच्या सुतारानं तिला एक बुटकी खुर्ची करून दिली होती, चार लाकडी चाकांची. तिच्यात बसून ती गल्लीभर फिरायची, हातांनी चाकं ढकलत. त्याच सुतारानं तिला तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे लेकरांच्या पोळ्यासाठी, लाकडाचा नंदी करून दिला. लाकूड तेच, चाकंही तशीच. ती म्हणायची, आम्ही दोघं एका घरचे आहोत.

गणपतरावांचा तिच्यावर जीव होता. यात खोट काढता येणार नाही. उमरेडला गेले की ते तिला खांद्यावर घेऊन बाजारभर फिरायचे, तिच्यासाठी मातीच्या गणपतीपासून जिलबीपर्यंत सगळं स्वतःच्या हातानं करायचे. पण ते उमरेडला. ले-आउटमध्ये कोणी विचारलं, नातवंडं किती, तर म्हणत, "एक नात आहे. हुशार आहे फार." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी सगळं झाकलेलं होतं. घराच्या वास्तुपूजेला त्यांनी रुख्मिणीला सांगितलं होतं की पोरीला गर्दीत त्रास होईल, तिला सासूजवळ ठेवून ये. रुख्मिणीनं वडिलांकडे एकदा नीट पाहिलं आणि मान डोलावली. पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती निघून गेली, पुन्हा मुक्कामाला म्हणून आली नाही.

असं का, हे गणपतरावांनी स्वतःला कधी विचारलं नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या होत्या. कालव्याला भेग दिसली की ते ठेकेदाराला चारचौघांत उभा करीत. आपल्याच घरात काहीतरी असं आहे जे नीट करता येत नाही, आणि ते लोक बघतील, हे त्यांना सोसवत नव्हतं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. मायेच्या माणसाची लाज वाटणं ही फार वाईट गोष्ट असते, कारण ती कबूल करायलाही लाज वाटते.

तारेला दवाखान्यासाठी नागपूरला आणत तेव्हा गणपतराव तिकडेच जाऊन भेटत. मग बसला वेळ असला की रिक्षात घालून तिला सक्करदऱ्याच्या तलावावर नेत. प्रताप नगर शहराच्या एका टोकाला आणि सक्करदरा दुसऱ्या टोकाला, ओळखीचं कोणी भेटायचं भय नाही. तिथे दोघं फुटाणे खात बसत, आणि गणपतराव तिला आपल्या बागेच्या गोष्टी सांगत. झुला कसा आहे, घसरपट्टी कशी आहे, म्हैस कशी हरली. म्हशीची गोष्ट तारेला इतकी आवडे की ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची.

"मग मी येईन ना आबाजी, तान्ह्या पोळ्याले," ती म्हणाली. "माझा नंदी तुमच्या बागेत आणीन."

"पाहू," गणपतराव म्हणाले.

घरातल्या मोठ्यांचं 'पाहू' म्हणजे 'नाही', हे पोरांना कळत नाही असं मोठ्यांना वाटतं.

आणि नेमके त्याच दिवशी तलावाच्या रस्त्यानं सायकलवरून चंपतराव आले. चंपतराव कमिटीतले, शेजारच्या गल्लीतले, आणि चौकशीला पक्के. सायकल टेकवून त्यांनी विचारलं, "ही कोणाची पोर गा, गणपतराव?"

गणपतरावांच्या तोंडातून शब्द आपोआप निघाले, जणू कित्येक दिवस तयार ठेवले होते. "गाववाल्यांची आहे. दवाखान्यात आणली होती."

चंपतरावांनी च्-च् केलं, देवाच्या करणीला बोल लावला आणि सायकलवर टांग टाकली. गणपतरावांनी हळूच तारेकडे पाहिलं. ती खाली मान घालून फुटाण्याची सालं काढत होती. तिनं ऐकलं नसावं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्या वर्षी ले-आउटचा तान्हा पोळा पहिल्यांदा बागेत भरला. मोठ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लेकरांचा. कोणाचा नंदी टीचभर, कोणाचा गुडघाभर, गळ्यात घुंगरू, शिंगांना बेगड. पोरं धोतर-टोपीत, पोरी आईच्या जुन्या लुगड्यांत, आणि ओढताना निम्मे नंदी आडवे होत होते. दोन बांबूंमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. तोरणाखाली सगळे नंदी रांगेनं उभे राहणार, एकेक नंदी कोणाच्या घरचा ते पुकारलं जाणार, आणि मग तोरण तोडलं की पोळा फुटला. पुढं पोरांनी नंदी घेऊन दारोदार जायचं, ओवाळून घ्यायचं आणि बोजारा म्हणून खाऊ गोळा करायचा. पुकारायचं काम अर्थातच गणपतरावांकडे होतं. भाड्यानं माईक आणला होता आणि भोंगा घसरपट्टीच्या शेंड्याला बांधला होता.

त्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की यमुताईंनी परस्पर उमरेडला निरोप धाडला होता, पोरीला घेऊन ये म्हणून.

रिक्षा बागेच्या कोपऱ्यावर थांबली. टपावरून बांधून आणलेली खुर्ची रुख्मिणीनं खाली घेतली, तारेला तिच्यात बसवलं, नंदी तिच्या मांडीवर दिला. घर दुसऱ्या गल्लीत होतं. मी सामान ठेवून आजीला घेऊन येते, तू इथेच बस, असं सांगून ती गेली.

पण आत घुंगरं वाजत असताना बाहेर बसवेल कोणाला? तारेनं हातांनी चाकं ढकलली आणि खुर्ची फाटकात घातली. पहिल्या वळणापर्यंत ती गेली. तिथे पुढची चाकं पाइपाला लागली. तिनं उजवीकडे जोर लावला, डावीकडे लावला, मागे घेतली, पुन्हा घातली. लाकूड लोखंडावर आपटल्याचा आवाज आला, तेव्हा गणपतरावांनी माईकवरून मान वर केली.

फाटकात तारा होती. तिनंही त्यांना पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिनं हात वर केला.

गणपतरावांनी माईकवर टिचकी मारली. माईक चांगला चालू होता. तरी त्यांनी पुन्हा टिचकी मारली, भोंग्याकडे पाहिलं, वायर तपासली. तारेचा हात तसाच थोडा वेळ वर राहिला आणि मग खाली आला.

शोभाताई सगळ्यांच्या आधी फाटकाशी पोचल्या होत्या. त्यांनी वाकून विचारलं, "कोणाची वं तू, बाई?"

मधल्या शांततेत ते उत्तर बागभर ऐकू आलं. पोरगी स्वच्छ आवाजात, पाठ केल्यासारखी बोलली.

"गाववाल्यांची आहे. दवाखान्यात आणली होती."

शब्दाला शब्द तोच. त्या दिवशी फुटाण्याची सालं काढताना तिनं नुसतं ऐकलं नव्हतं, तर आबाजींना इथे असं सांगितलेलं हवं असतं हे समजून घेतलं होतं, आणि इतके दिवस जपून ठेवलं होतं. आज त्यांची अडचण झालेली तिला दिसली, म्हणून तिनं ते काढलं.

"अरे हो," चंपतराव म्हणाले, "ही तर सक्करदऱ्यावरची पोर. तुमच्या गाववाल्यांची ना, गणपतराव?"

हा क्षण होता. तोंड उघडून तीन शब्द बोलायचे होते, माझी नात आहे. ठेकेदारांना घाम फोडणारा हा माणूस, त्याला तेवढं झालं नाही. त्यांनी मान हलवली. हो म्हणून हलवली.

चंपतराव मदतीला धावले. उचलून घेऊ तिला, त्यात काय, असं म्हणत त्यांनी हात पुढे केले. तारेनं खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या.

"मले उचलू नका," ती म्हणाली. "सगळे पाहून राहिले." मग म्हणाली, "मी इथूनच पाहते. माझा नंदी तेवढा आत न्या."

शोभाताईंनी नंदी घेतला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळून त्या आत आल्या. जाताना त्यांनी गणपतरावांकडे पाहिलं. बैठकीत आपण काय बोललो होतो ते गणपतरावांना अक्षरशः ऐकू आलं, माणसं हसली होती त्या हसण्यासकट. ढोरं अडवायला केलेल्या फाटकातून लाकडाचं ढोर आत आलं होतं आणि पोर बाहेर राहिली होती.

पुकारा सुरू झाला. गणपतराव रांगेवरून एकेक नाव घेत गेले. हा अमक्यांच्या घरचा नंदी, हा तमक्यांच्या घरचा. प्रत्येक नावाला पोरं हर बोला हर हर महादेव असा गजर करीत. रांगेच्या शेवटी तारेचा नंदी उभा होता, एका शिंगाची बेगड प्रवासात निघालेली. गणपतराव त्याच्यासमोर थांबले. सगळे वाट बघत होते. फाटकातली तारासुद्धा.

"हा," गणपतराव म्हणाले, "पाहुण्यांचा नंदी."

तारेनं टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांच्या बरोबर तीही गजरात ओरडली.

भोंगा मोठा होता, दुसऱ्या गल्लीत नीट ऐकू गेला असणार. रुख्मिणी आणि यमुताई फाटकाशी आल्या त्या चालत आल्या नाहीत, जवळजवळ धावत आल्या. यमुताईंचा पदर पडला होता. रुख्मिणीनं आत नजर टाकली, रांगेच्या टोकाला उभा असलेला नंदी पाहिला, आणि खुर्चीची पाठ धरून ती मागे ओढायला लागली.

"थांब ना आई," तारा म्हणाली. "पोळा फुटला नाही अजून."

"चाल तू."

"आबाजीले काही बोलू नको वं आई. ते कामात आहेत."

हे गणपतरावांनी ऐकलं, कारण तोवर ते माईक हातात घेऊन फाटकाच्या दिशेनं निघाले होते. कशासाठी निघालो ते त्यांनाही माहीत नव्हतं. वायर ताणली गेली आणि ते मध्येच अडकले. बागेच्या मधोमध, सगळ्या ले-आउटसमोर, एका बाजूला नंदी आणि दुसऱ्या बाजूला नात, असे ते उभे राहिले. त्यांना वाटलं, म्हशीनं तोंड फिरवलं होतं ते बरोबरच होतं.

त्यांनी माईक तोंडाशी नेला.

"शेवटचा नंदी पाहुण्यांचा नाही," ते म्हणाले. भोंगा शिटी मारून थांबला. "माझ्या घरचा आहे. ती माझी नात आहे, तारा. आमच्या रुख्मिणीची पोरगी. मी खोटं बोललो. आणि तिले आत येता येत नाही, कारण ते फाटक मी केलं."

चंपतराव चपलेकडे पाहत राहिले. तोरण तोडायला पुढे झालेले लोक तिथेच उभे. एखादा माणूस दोन शब्द बोलला असता, चालते गा गणपतराव, असं म्हणाला असता, तर बरं झालं असतं. पण तसं कोणी म्हणालं नाही, आणि म्हणायलाही नको होतं.

गणपतरावांनी माईक गवतावर ठेवला. बांबूशी जाऊन त्यांनी तोरणाच्या गाठी सोडल्या. गाठ सुटेना, तेव्हा शोभाताई पुढे झाल्या आणि दुसरी बाजू त्यांनी सोडली. तोरण घेऊन गणपतराव स्वतःच्या फाटकातून बाहेर गेले आणि रस्त्यावर, दिव्याच्या खांबाला आणि समोरच्या घराच्या कंपाउंडला ते बांधलं.

मग सगळा पोळा बागेतून बाहेर काढावा लागला. ते काम सोपं नव्हतं. फाटकातून एका वेळी एकच पोर, पोराच्या हातात नंदी, नंदीची चाकं पाइपात, मागून ढकलाढकली, कोणाची टोपी गेली, कोणाची बेगड. बायका बाहेरून हात घालून नंदी काढत होत्या. गणपतराव बाजूला उभे राहून बघत होते. इतके दिवस ज्या फाटकाचा तोरा मिरवला, ते काय चीज आहे हे त्यांना आज पहिल्यांदा दिसत होतं.

रस्त्यावर रांग लागली. तारेची खुर्ची शेवटी नाही, मधोमध उभी केली होती, शोभाताईंनी. तिचा नंदी तिच्या पुढ्यात. तोरण तुटलं, गजर झाला, पोळा फुटला.

मग पोरं दारोदार निघाली. खुर्ची ढकलायला रुख्मिणी पुढे झाली, तर गणपतरावांनी हात जोडले. तिनं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली. माफ केलं असं काही त्या पाहण्यात नव्हतं. तारेच्या हातात नंदीची दोरी, आणि खुर्ची गणपतरावांच्या हातात, असे दोघं निघाले.

पहिल्या दारात एका बाईनं ओवाळलं, पेढा हातावर ठेवला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाच्या घरचा नंदी वं?"

तारेनं मान वळवून वर पाहिलं, गणपतरावांकडे. काय सांगू, असं विचारत होती. गणपतरावांनी मान हलवली.

"गणपतरावांच्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दारातही तेच झालं. तिसऱ्यातही. कोणी विचारलं की ती आधी मागे वळून बघायची, ते मान हलवायचे, आणि मगच ती सांगायची. गणपतरावांनी तिला हळूच सांगितलं की आता विचारायची गरज नाही बाई, सरळ सांगत जा. ती शहाण्यासारखी हो म्हणाली. पुढच्या दारात पुन्हा वळून पाहिलं. बोजाऱ्यानं तिची ओटी भरत गेली, आणि दर दाराला गणपतरावांचा जीव अर्धा होत गेला.

शेवटी ते आपल्या दाराशी आले. फाटकावर नाव होतं, गणपतरावांचं, त्यांनीच मोठ्या अक्षरांत घालून घेतलेलं. उंबऱ्यात यमुताई तबक घेऊन उभ्या होत्या, डोळे पुसून घेतलेले. त्यांनी नंदीला ओवाळलं, तारेला ओवाळलं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि हसून, रीत म्हणून विचारलं, "कोणाच्या घरचा नंदी आला माझ्या दारी?"

आणि तारेनं मान वळवून आबाजींकडे पाहिलं.